शेवटच्या चारीचे पाच गुण

आबा, परवा तुमच्या दारावर दुखवट्याला बसायला निघाले होते आणि अमळनेरच्या स्टँडवरूनच परत फिरले. तुमच्या गावची एसटी लागलेली होती, कंडक्टर गावाचं नाव घेऊन ओरडत होता, खिडकीची जागाही रिकामी होती. मी स्टँडवर दोन चहा घेतले, त्यातला एक अर्धा टाकला आणि उलट्या गाडीनं जळगावला आले. घरी सांगितलं, गाडी चुकली. हल्ली मला खोटं फार सहज बोलता येतं.

सुशीलाचा, तुमच्या सुनेचा, फोन आला तेव्हा मी ऑफिसात तुमच्याच कालव्याचा अहवाल तपासत होते. "ताई, आबा गयात," एवढंच ती बोलली. आणि मी मूर्खासारखं विचारलं, "कुठे?" मग ती रडायला लागली. मी आधी काय केलं असेल तर संगणकावरचं उघडं पान बंद केलं. तुम्ही जिवंतपणी कधी त्या संगणकाजवळ आला नाहीत, मग मेल्यावर कुठून डोकावणार होतात? पण बंद केलं खरं. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. भांडी घासता घासता तुमच्याशी वाद घालते. रिक्षात बसून तुम्हाला मुद्दे सांगते. रिक्षावाला आरशातून बघतो.

म्हणून लिहायला बसले आहे. लोक तुमच्याबद्दल चांगलं चांगलं सांगत असतील, ते मी सांगणार नाही. तुम्ही हट्टी होतात, ऐकून न घेणारे होतात, आणि समोरच्याचं बोलणं संपायच्या आत मान हलवायची तुम्हाला वाईट सवय होती. मला त्या मान हलवण्याची इतकी आठवण येते की काय सांगू.

पहिल्यांदा आले तो दिवस आठवतो का? आमच्या संस्थेकडे काम आलं होतं, कालव्याच्या सेवेचं मूल्यमापन, तेही शेतकऱ्यांच्या नजरेतून. कालव्यातून वावरांकडे जाणाऱ्या प्रत्येक चारीवरचा एक शेतकरी चिठ्ठी टाकून निवडायचा, त्याला बावीस प्रश्न विचारायचे आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण मागायचे. पाणी वेळेवर मिळतं का, पुरेसं मिळतं का, तक्रार ऐकली जाते का, असे. शेवटच्या चारीची चिठ्ठी तुमच्या नावाची निघाली, पहिल्या चारीची माझ्या माहेरची. मला तुमचं वावर माहीत नव्हतं म्हणून मी पाटकऱ्याच्या मोटरसायकलवर मागं बसून आले. ज्याच्या हातात चारीचं दार, त्याच्याच मागं बसून मी लोकांना विचारत फिरत होते, की बाबांनो, दार नीट उघडतं का! तीन गावं झाली तरी माझ्या लक्षात आलं नाही. सगळ्यांनी पाटकऱ्याकडे बघत बघत चांगले गुण दिले, वर त्याला आणि मला चहाही पाजला. घरी चहाला आलेल्या माणसाला तोंडावर वाईट बोलायचं नाही, ही आपल्याकडची रीत, आणि ती काय मला ठाऊक नव्हती? मी काय लंडनहून आले होते? कालव्याच्या मुखाशी माझं माहेर आहे.

तुम्ही तर बावीसच्या बावीस प्रश्नांना पाच दिलेत. मी प्रश्न वाचून पूर्ण करायच्या आत "पाच लिख" म्हणायचात. तुमच्या ओट्यावरून चारी दिसत होती. तिच्यात बाभळी उगवल्या होत्या, आणि चार-पाच शेळ्या आत उतरून निवांत चरत होत्या. पाटकरी बिडी ओढायला पलीकडे गेला तसं मी म्हटलं, "आबा, चारीत शेळ्या चरताहेत."

"मंग त्यासनी सोय व्हयनी ना," तुम्ही म्हणालात. "सेवा चांगलीच शे."

मला हसू आलं आणि रागही आला. त्या दिवशी मी तुमची सही घेऊन गेले ती चिडूनच.

महिन्याभरानं चूक कळली आणि मी सगळीकडे एकटी, एसटीनं, पायी पुन्हा फिरले. मधल्या गावांतले लोक मोकळे झाले. कुणी पाचाचे दोन केले, कुणी एक. एका म्हाताऱ्या अक्कांनी तर "मागल्या येळले तो मुडदा संगे व्हता" म्हणून सुरुवात केली आणि तासभर थांबल्या नाहीत. मला वाटलं, आता आबाही बोलतील. तुम्ही ओट्यावर बसून दादर ज्वारीचं बी निवडत होतात. म्हणालात, "पाचच."

मी भांडले. तुम्हाला भित्रे म्हटलं. वयाचा मान न ठेवता म्हटलं, त्याची लाज आज वाटते. म्हटलं, "तुमच्यासारखे लोक खोटे गुण देतात म्हणून चारी दुरुस्त होत नाही. कागदावर सगळं छान दिसतं, मग कोण कशाला येईल बाभळी काढायला?" तुम्ही निवडणं थांबवलं नाहीत. सूप बाजूला ठेवलंत तेव्हा माझ्याकडे न बघता शेजारच्या चारीकडे हात केलात.

"तठला लोके खरं बोली गयात. पाणी येत नही, म्हने. साहेब लोकेसनी लिखी लिधं. मंग दुसरा साले नकाशा उना, त्यामा त्यासना वावरेच नहीत. पाणी पोचतच नही तर लाभक्षेत्रमा ठेवाना कसाले? आते त्या मांगतीन तरी कोनले मांगतीन?" आणि मग बोट माझ्या कागदावर ठेवून, "पाच लिखा म्हंजे आम्ही नकाशामा शेतस. एक लिखा का गया. समजनं?"

समजलं होतं. पण पटलं नव्हतं. मी म्हटलं, नकाशात राहून तरी काय, पाणी कुठे येतं? तुम्ही म्हणालात, आज नाही तर नातवाच्या वेळी येईल, पण नावच नसलं तर कोण आणेल? मी म्हटलं, नातू तोवर पुण्याला जाईल. तुम्ही मान हलवलीत. पालथ्या घड्यावर पाणी! नक्की घडा कोण होतं, तुम्ही की मी, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि अजूनही येत नाही.

त्यानंतर मी येत राहिले. कामाचं निमित्त असायचं, पण तुम्हालाही ठाऊक होतं की बावीस प्रश्नांना दोन वर्षं लागत नाहीत. तुम्ही माझा फॉर्म वाचून घेतलात, एकेक प्रश्न, आणि मास्तर वही तपासतो तसे ओठ मुडपलेत. "तू इचारस, पाणी भेटनं का. भेटस ना, कव्हय तरी भेटसच. आवंदा गहूले ओंब्या येईसन वाळी गयात, मंग पाणी उनं. भेटनं का? भेटनं! लिख भेटनं." मग बोट नाचवत, "कव्हय भेटी हाई आधी समजस का, असं इचार. आनि पाणीसाठे कोनले हात जोडना पडतस, हाई बी इचार."

आबा, मी नोकरीला लागल्यापासून किती प्रशिक्षणं केली, किती तक्ते पाठ केले. एकानंही मला हे सांगितलं नव्हतं. पाणी थोडं आलं तरी चालेल पण कधी येणार ते कळू दे, म्हणजे माणूस त्या बेतानं पेरेल, हरभरा घ्यायचा की गहू ते ठरवेल. हे दोन्ही प्रश्न मी फॉर्ममध्ये घातले. ऑफिसात साहेबांनी विचारलं, कुठून आणले? मी म्हटलं, सुचले. तुमचं नाव घेतलं नाही. हेही एक राहिलंच.

आणि फडाची गोष्ट. तुमचे वडील पांझरा नदीच्या बंधाऱ्यावर फडाचे, म्हणजे गावानंच मिळून चालवलेल्या पाण्याचे, पाटकरी होते, सगळ्या गावाच्या पिकाला पाणी फिरवायचे. सरकारी पगार नाही. सुगीला खळ्या-खळ्यावर जायचे आणि शेतकरी त्यांच्या झोळीत धान्य घालायचा. ज्याच्या वावराला वेळेवर पाणी मिळालं तो सुपानं घालायचा, ज्याचं पीक तहानलं तो ओंजळ दाखवायचा, आणि तेही सगळ्यांच्या देखत. एका वर्षी एका बाईनं तुमच्या वडिलांच्या झोळीत नुसता भुसा घातला. दुसऱ्या वर्षी पहिल्यांदा तिचं वावर भिजवून मग पुढे गेले. "त्यासले कागद लागेना," तुम्ही म्हणालात. ही गोष्ट तुम्ही मला तीनदा सांगितलीत. तिसऱ्यांदा मी ऐकली आहे म्हटलं तर म्हणालात, मग परत ऐक.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहिते आहे ती.

एकदा तुम्ही म्हणालात, चल, तुला कालवा दाखवतो. मी म्हटलं, मी त्याच्याच काठावर वाढले. तुम्ही म्हणालात, तू वरून खाली बघितलास, आता खालून वर बघ. दोन दिवस आपण चाललो. तुमचं धोतर, हातात काठी, माझ्या पाठीवर बॅग. चारी, मग चारीला पाणी देणारी वितरिका, मग मोठा कालवा. खाली सगळं कोरडं, फुटकं. जसजसे वर जात होतो तसतशी हिरवळ वाढत होती, आणि तुम्ही गप्प होत होतात. दुसऱ्या दिवशी दुपारी आपण माझ्या माहेरी पोचलो. पहिली चारी.

आमच्या बांधावर तुम्ही उभे राहिलात. माझ्या भावानं कालव्याच्या भिंतीवरून मोठा पाइप टाकलेला होता, भरदिवसा, लपवाछपवी नाही. पाळी आमची नव्हती. पाइपातून धो धो पाणी केळीत पडत होतं. मी तो पाइप वर्षानुवर्षं बघत आले होते आणि मला तो कधी दिसला नव्हता. आपला तो बाब्या. वाटलं, आता तुम्ही काहीतरी बोलाल, निदान मान हलवाल. तुम्ही पाइपाकडे पाहिलंत, केळीकडे पाहिलंत आणि म्हणालात, "केळी चांगली शे."

घरी आईच्या हातची भाकरी आणि भरीत जेवलात, तिचं कौतुक केलंत. भावाशी कापसाच्या बोंडअळीवर बोललात. निघताना आईनं नातवंडांसाठी केळ्याची फणी दिली, ती घेतलीत. मी तुम्हाला स्टँडवर सोडायला आले. वाटेत बोलायला मी तीन वेळा तोंड उघडलं आणि तीन वेळा उन्हाबद्दल बोलले. आबा, तुम्ही का बोलला नाहीत? एक शिवी तरी हासडायची होती. मग मी भांडले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं. तुम्ही त्या पाइपावर पांघरूण घातलंत, आणि ते पांघरूण अजून माझ्या अंगावर आहे.

मग मी जे केलं ते या लाजेपोटीच केलं. ऑफिसात आकडे भरताना तुमच्या कागदावरचे पाच मी संगणकात एक करून टाकले. बावीसच्या बावीस. स्वतःला सांगितलं, हेच खरं आहे, आबा भीतीनं खोटं बोलले, मी त्यांच्या भल्यासाठी दुरुस्त करते आहे. शेवटच्या चारीला एक गुण दिसला की दुरुस्ती होईल. तुमच्या चारीसाठी काहीतरी केल्याचं समाधानही वाटलं, छान झोप लागली. आठ दिवसांनी तुमचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून तुम्ही विचारलंत, "मना पाच तसाच शे ना, माय?"

मी म्हटलं, "हो आबा, तसेच आहेत."

गेल्या महिन्यात कच्चा अहवाल पाटबंधारे खात्याच्या साहेब लोकांसमोर मांडला. पडद्यावर शेवटची चारी लालभडक दिसत होती. मला वाटलं, आता दुरुस्तीचं बोलतील. एका साहेबांनी चष्मा पुसला आणि अगदी समंजसपणे म्हणाले, "एवढे असमाधानी असतील तर त्यांना कालव्यात कशाला ठेवायचं? विहिरी, ठिबक, काहीतरी देऊ. लाभक्षेत्रातून वगळा, आपलाही ताण कमी." दोघांनी माना डोलावल्या. अंतिम अहवालात तशी शिफारस करता येईल का, असं मलाच विचारलं.

तुम्ही शेजारच्या चारीकडे केलेला हात मला त्या खोलीत दिसला. त्याच दिवशी मला तुमच्याकडे यायला हवं होतं. आबा, मी तुमचे गुण बदलले, आता काय करू ते सांगा, एवढंच बोलायचं होतं. मी आज ऊन फार आहे म्हटलं, उद्या मीटिंग आहे म्हटलं, रविवारी पाहुणे आहेत म्हटलं. आणि तुम्ही गेलात. तुमच्या चारीचं नाव राहणार की जाणार हे माझ्या एका कळीवर ठेवून गेलात, आणि ते तुम्हाला माहीतही नव्हतं.

काल मात्र मी आले. स्टँडवर चहा घेतला नाही, सरळ गाडीत बसले. दारावर बसायची माणसं पांगली होती. सुशीला ओट्यावर एकटी होती. ती मला बिलगायला पुढे आली तर मी म्हटलं, थांब, आधी ऐक. आणि सगळं सांगितलं, पाच, एक, फोन, साहेब. काहीच गाळलं नाही.

ती रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तुमना घरना कागद कोनी भरा?"

"मीच," मी म्हटलं. "जेवता जेवता. भाऊ सांगत गेला, मी लिहीत गेले."

"कितला मार्क दिधात?"

"पाच."

"मंग तो पाच तसाच राहू दिधा?" ती माझ्याकडे बघून म्हणाली. "आमनाच दिखना का तुमले?"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आली, तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि उरलेली कामं करायला लागली. तुमची सून तुमच्याइतकी सोशिक नाही, आबा. बरं झालं.

परतीच्या गाडीत मी ते दोन कागद बॅगेतून काढून मांडीवर ठेवले. पहिल्या चारीचे पाच, शेवटच्या चारीचे पाच. एक पाच चोरून भरलेल्या पोटाचा आणि एक भीतीचा, आणि दोन्ही माझ्याच अक्षरात. खोटा तर मुखाकडचा होता. मी मात्र तुमचा खोडला, कारण तुमच्याशी भांडणं सोपं होतं आणि भावाशी भांडणं अवघड.

आज सकाळी ऑफिसात जाऊन तुमचे बावीस पाच मी जागेवर ठेवले. शेऱ्याच्या रकान्यात तुमचं म्हणणं लिहिलं, तुमच्याच बोलीत, शेजारच्या चारीचं काय झालं त्यासकट. खाली लिहिलं, की या शेतकऱ्याला खरं बोलायची भीती वाटते, हेच या सेवेचं मूल्यमापन समजावं. आधी मी तुमचे आकडे परस्पर बदलले होते, तेही लिहिलं आणि सही केली. आमच्या साहेबांनी वाचलं. मला नोकरीवर ठेवतील की नाही, ते सोमवारनंतर कळेल.

मग आमच्या घरचा कागद घेतला. पहिल्या चारीच्या शेऱ्यात लिहिलं: पाळी नसताना पाइप टाकून पाणी घेतलं जातं, दरवर्षी. खाली शेत ज्यांच्या नावावर त्या वडिलांचं नाव, भावाचं नाव आणि माझं. भावाला फोन करून वाचून दाखवलं. तो म्हणाला, सगळेच घेतात, तुला माझंच दिसलं का? अगदी सुशीलाचेच शब्द, आबा. मी म्हटलं, हो, आधी तुझंच दिसायला हवं होतं. त्यानं फोन ठेवला. तो या दिवाळीला मला बोलावणार नाही, आणि पाइपही काढणार नाही कदाचित.

एवढ्यानं तुमची चारी नकाशात राहील का, मला माहीत नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, उगाच पोरीनं ऑफिस-माहेर दोन्हीकडे वैर घेतलं, गप्प पाच लिहिले असते तर. मी भांडले असते. पण हे भांडण मी तुमच्या ओट्यावर, तुमच्या समोर बसून करायला हवं होतं, आणि तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा खरं सांगायला हवं होतं. तुम्ही मला माय म्हणून विचारलंत आणि मी तुम्हाला फसवलं. चुकलं माझं, आबा.